व्हिजिट व्हिसावर गेलेला शिलाई कामगार: सोलापूर ते अजमान, एक प्रकरण

पुढे मांडलेलं प्रकरण एका माणसाचं नाही. आखाती देशांत जाणाऱ्या सोलापूरकडच्या कामगारांच्या बाबतीत जे पुन्हा पुन्हा तसंच घडतं, ते एकत्र करून एक नमुना उभा केला आहे. पैशांचे आकडे आणि दिवसांची मोजणी हिशोब समजावा म्हणून धरलेली आहे. कायदे, कलमं, दंडाच्या रकमा आणि हेल्पलाइनचे क्रमांक मात्र खरे आहेत. दिरहम म्हणजे अमिरातीचं चलन, त्याचा भाव सोयीसाठी २४ रुपये धरला आहे.

कामगार आणि व्यवहार

वय ३४, शिक्षण आठवी. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात सिंगल नीडल आणि ओव्हरलॉक या दोन्ही मशीनवर बसणारा कारागीर, नगावर मजुरी. शाळा सुरू होण्याआधी काम हातात मावत नाही, जून-जुलै सरला की मशीन रिकामी. बायको विड्या वळते. घर कुंभारीच्या विडी घरकुलात, घरात तेलुगू, बाहेर मराठी. इंग्रजी कागद दोघांनाही वाचता येत नाही.

ओळखीतला एक जण, ज्याला गल्लीत सगळे अण्णा म्हणतात, त्यानं सांगितलं की संयुक्त अरब अमिरातीतल्या अजमानला युनिफॉर्म शिवणाऱ्या कंपनीत जागा आहे. महिना १,५०० दिरहम, राहणं कंपनीचं, ओव्हरटाइम वेगळा. खर्च १ लाख १० हजार. त्यातले ४० हजार यूपीआयनं अण्णाच्या मेहुण्याच्या खात्यात गेले, ७० हजार रोख. पावती एकाचीही नाही. पैसा उभा राहिला तो बचत गटाच्या कर्जातून आणि गहाण टाकलेल्या सोन्यातून. व्हिसा हातात आला तो ६० दिवसांचा व्हिजिट व्हिसा. "आधी असंच जायचं, तिथं गेल्यावर पक्का व्हिसा लागतो, सगळे असेच जातात," हे अण्णाचं उत्तर.

सगळं पुढचं याच वाक्यातून निघालं. म्हणून आधी ते तपासू.

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाला तिथल्या तिथे कामाच्या व्हिसावर नेता येतं, इथवर अण्णा खरं बोलला. मात्र ते काम सुरू करण्याआधी व्हायला हवं. वर्क परमिट, म्हणजे कामाचा परवाना, निघण्याआधी मशीनवर बसलेला पहिला दिवससुद्धा बेकायदा काम ठरतो. आणि भारताच्या बाजूनं पाहिलं तर १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे नोकरीसाठी देश सोडणं म्हणजे एमिग्रेशन, मग व्हिसावर काही का छापलेलं असेना. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं छापलेलं असतं, आणि अशा पासपोर्टवर १८ ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या केंद्र सरकारच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया हे देश त्या यादीत आहेत. व्हिजिट व्हिसा वापरला की ही मंजुरी टळते. एजंटाच्या दृष्टीनं सगळी सोय त्यातच आहे: मंजुरी नाही म्हणजे कंपनीची नोंद नाही, कराराची प्रत नाही, विमा नाही, आणि फीवर मर्यादाही नाही.

नियम आवळले ते कुठे

दहा वर्षांपूर्वी असाच गेलेला माणूस कदाचित निभावून गेला असता. आता ते अवघड झालं आहे, आणि जुने अनुभव सांगणारे लोक हे लक्षात घेत नाहीत.

२०२४ च्या अखेरीस दुबईच्या टुरिस्ट व्हिसासाठी परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग किंवा नातलगाचा पत्ता आणि खर्चाला पैसे असल्याचा पुरावा मागायला सुरुवात झाली. एजंटांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे डमी तिकीट आणि दोन दिवसांत रद्द होणारं हॉटेल बुकिंग. परतीचं तिकीट हातात आहे असं कामगाराला वाटतं. त्यावरचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, विमान कंपनीच्या साइटवर टाकला तर काहीच निघत नाही. या प्रकरणात तसंच झालं.

व्हिसाची मुदत संपल्यावर मिळणारी सवलतीच्या दिवसांची जुनी सोय व्हिजिट व्हिसाला आता नाही. मुदत संपली की दर दिवसाला ५० दिरहम दंड, म्हणजे १,२०० रुपये रोज. ९० दिवस जास्त राहिलं तर ४,५०० दिरहम, म्हणजे १ लाख ८ हजार रुपये. अण्णाला दिले तेवढेच पुन्हा. शिवाय टुरिस्ट व्हिसा ज्या ट्रॅव्हल एजन्सीच्या नावावर निघतो ती एजन्सी, मुदत संपताच, माणूस पळून गेल्याची तक्रार टाकू शकते, आणि ती मागे घ्यायला वेगळे पैसे मागते.

१ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अमिरातीनं माफी योजना राबवली. मुदत संपलेल्यांना दंड न भरता बाहेर पडता आलं किंवा कागद नियमित करून घेता आले. हे दोन्ही पर्याय देणारी याआधीची मोठी योजना २०१८ मध्ये होती. मधल्या वर्षांचं अंतर पाहा. लेबर कॅम्पमध्ये मात्र "पुढच्या वर्षी परत माफी येतेय" ही बातमी कायम फिरत असते. तिच्यावर विसंबून थांबलेल्या माणसाचा दंड रोज वाढत जातो आणि तो खल्लीवल्ली होऊन पडतो, म्हणजे कागदाविना, मिळेल त्या मजुरीवर.

चौथी गोष्ट मालकांच्या बाजूची. २०२४ च्या ९ क्रमांकाच्या फर्मानानं वर्क परमिट नसलेल्या माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिरहम केला. आधी तो ५० हजार ते २ लाख होता. हा बदल कामगाराच्या बाजूचा दिसतो, आणि आहेही. पण त्याचा दुसरा परिणाम असा की तपासणी येणार अशी कुणकुण लागली की मालक विनापरमिट माणसांना रातोरात बाहेर काढतो, पगार राहिला तो राहिला.

तिकडे काय झालं

उतरल्यावर चौथ्या दिवशी काम सुरू झालं. रोज ११ तास, आठवड्याला एक सुटी. दुसऱ्याच दिवशी "व्हिसाच्या कामाला" म्हणून पासपोर्ट घेतला. चहा-पाण्याला म्हणून एकूण ४०० दिरहम मिळाले, बाकी काही नाही. ४७ व्या दिवशी मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, सांगितलं: पक्का व्हिसा करून देतो, खर्च ३,५०० दिरहम, दर महिन्याला ५०० कापून घेणार, आणि आधीच्या दिवसांचा पगार "ट्रायल" म्हणून धरायचा नाही. त्या रात्री घरी फोन आला. व्हिसाचे १३ दिवस उरले होते.

अशा वेळी घरातून पहिला सल्ला निघतो तो "पगार घेतल्याशिवाय येऊ नकोस." दुसरा निघतो "अण्णाला धर." दोन्ही सल्ले आपल्या जागी बरोबर आहेत, क्रम मात्र चुकीचा. पगारासाठी थांबलं तर मुदत संपते, आणि मुदत संपलेला माणूस मालकासमोर काहीच मागू शकत नाही. अण्णाला आधी धरलं तर तो अजमानला फोन करतो आणि पासपोर्ट अडकतो. आमच्या मते क्रम एकच: तारीख, पासपोर्ट, निर्णय, पगार, आणि मग सोलापूर.

तारीख

व्हिसाच्या कागदावर छापलेली 'वैधता' आणि प्रत्यक्ष राहण्याची मुदत या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तारीख देशात कधीपर्यंत शिरायचं ते सांगते, दुसरी शिरल्यापासून किती दिवस राहता येईल ते. गोंधळ इथेच होतो. नक्की तारीख ऑनलाइन पाहता येते, पण कुठे पाहायची हे व्हिसा कोणी दिला त्यावर ठरतं. दुबईनं दिलेला व्हिसा जीडीआरएफए या दुबईच्या खात्याच्या साइटवर दिसतो, बाकी अमिरातींचा आयसीपी या संघीय प्राधिकरणाच्या साइटवर. या कामगाराचं काम अजमानला, व्हिसा मात्र दुबईच्या एजन्सीचा, म्हणून आयसीपीवर शोधून काही सापडलं नाही आणि दोन दिवस वाया गेले. दिवस मोजताना उतरल्याचा दिवस पहिला धरावा. त्यात चूक झालीच तर ती आपल्या फायद्याची होते.

पासपोर्ट

१९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं कलम १७ सांगतं की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. अमिरातीचा कामगार कायदा, म्हणजे २०२१ चं ३३ क्रमांकाचं फर्मान, कलम १३ मध्ये मालकाला कामगाराची अधिकृत कागदपत्रं अडकवून ठेवायला मनाई करतो. म्हणजे दोन्ही देशांचा कायदा कामगाराच्या बाजूनं आहे. तरी मुदीरसमोर कायदा बोलून दाखवण्यात अर्थ नसतो.

दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२, चोवीस तास. अजमान, शारजा, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन या सगळ्या उत्तरेकडच्या अमिराती याच वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अबुधाबी तेवढी तिथल्या भारतीय राजदूतावासाकडे. फोन करताना पाच गोष्टी तयार हव्यात: पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, व्हिसा संपण्याची तारीख, कंपनीच्या पाटीवरचं नाव, आणि मुदीरचा मोबाइल नंबर. कंपनीचं नाव ऐकीव सांगू नये. दाराच्या पाटीचा, गाडीवरच्या नावाचा किंवा डिलिव्हरी चलनाचा फोटो काढावा. कामगार ज्या नावानं कंपनी ओळखतात ते बहुधा मालकाचं टोपणनाव असतं.

त्याच दिवशी बायकोनं इकडून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवली. दिल्लीच्या सहायता केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे, तिथे हिंदीत बोलता येतं. दोन्ही ठिकाणी एकच मजकूर द्यावा, तारखांसकट. तिकडे नवरा म्हणाला "पगार राहिला" आणि इकडे बायको म्हणाली "डांबून ठेवलंय", की अधिकारी आधी खरं काय ते शोधत बसतात.

एक चूक इथे फार होते. पासपोर्ट मालकाकडे आहे हे माहीत असताना "हरवला" अशी पोलिसांत नोंद करून तातडीचा प्रवास दाखला काढायचा सल्ला कॅम्पमधलेच लोक देतात. असं करू नये. खोटी नोंद ही वेगळा गुन्हा होते, आणि मालकानं तोच पासपोर्ट काढून दाखवला तर सगळ्या तक्रारीवरचा विश्वास जातो. "मालकानं ठेवून घेतला आहे" असंच लिहावं. दूतावासाचा फोन गेल्यावर बहुतेक मालक पासपोर्टावरून भांडत नाहीत, कारण त्यात त्यांचाही फायदा नसतो. इथे तो ५१ व्या दिवशी मिळाला.

निर्णय: परमिट की परत

हा या प्रकरणाचा सगळ्यात अवघड भाग. मुदीर जे देऊ करत होता ते वरवर वाईट नव्हतं. कर्ज डोक्यावर, घरी परतायची लाज. बहुतेक जण इथे हो म्हणतात.

हो म्हणायचं तर आधी काय पाहायचं? अमिरातीत वर्क परमिटच्या आधी मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यातलं ऑफर लेटर निघतं. ते अरबी, इंग्रजी आणि कामगाराला कळेल अशा तिसऱ्या भाषेत देता येतं. त्या भाषांत हिंदी, उर्दू, तमिळ, मल्याळम आहेत. तेलुगू आणि मराठी नाहीत. म्हणून हिंदी प्रत मागून घ्यावी, आणि घरी फोटो पाठवून कुणाकडून तरी नीट वाचून घ्यावी. कंपनीच्या कोऱ्या लेटरहेडवर टाइप केलेली 'ऑफर' ही ऑफर नव्हे. खऱ्या कागदावर अर्जाचा क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या साइटवर तपासता येतो.

कागद खरा असला तरी पगाराची ओळ वाचायची. १,५०० ऐवजी 'मूळ वेतन ८००, इतर भत्ते ७००' असं लिहिलेलं असतं. हातात पडणारी रक्कम तीच, पण ओव्हरटाइम आणि नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी मूळ वेतनावरच निघते. पहिल्या पाच वर्षांसाठी ग्रॅच्युइटी दर वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन. १,५०० मूळ असेल तर वर्षाला १,०५०, ८०० असेल तर ५६०. जवळजवळ निम्मं नुकसान एका ओळीत होतं.

आणि ३,५०० दिरहमची कपात. अमिरातीच्या कामगार कायद्याचं कलम ६ स्पष्ट आहे: भरतीचा आणि नेमणुकीचा खर्च मालकानं थेट किंवा आडमार्गानं कामगाराकडून वसूल करायचा नाही. हप्त्यानं कापणं हाही आडमार्गच.

शिवाय एकदा सही केली की सहा महिन्यांपर्यंतचा परिवीक्षा काळ (प्रोबेशन) सुरू होतो. त्या काळात नोकरी सोडून देशाबाहेर जायचं तर १४ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. न देता निघून आलं तर वर्षभर तिथलं वर्क परमिट मिळत नाही. म्हणजे "आत्ता सही करतो, जमलं नाही तर महिन्याभरात येतो" हा विचार सगळ्यात महागात पडतो.

म्हणून एक अट ठेवली गेली: ५४ व्या दिवसापर्यंत मंत्रालयाच्या नमुन्यातलं, क्रमांक असलेलं, १,५०० मूळ वेतनाचं ऑफर लेटर हातात आलं तर थांबायचं, नाहीतर तिकीट काढायचं. ५४ का? व्हिसा बदलण्याची कारवाई मुदत संपायच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ऐन वेळेचं तिकीट दुप्पट पडतं. लेटर आलं नाही. ५८ व्या दिवसाचं तिकीट घरच्यांनी काढलं.

घरच्यांकडे पैसेच नसते तर? दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ मध्ये सुरू झालेला. खरोखर अडचणीत असलेल्या माणसाचं परतीचं तिकीट, तात्पुरता निवारा, काही किरकोळ दंड त्यातून भागवता येतात. तो हक्कानं आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो आणि परिस्थिती पाहून मंजूर होतो. त्याला दिवस लागतात, म्हणून तिकिटाचा अर्ज शेवटच्या दिवशी न करता पहिल्याच फोनवर विषय काढावा.

४३ दिवसांचा पगार

हिशोब आधी कागदावर मांडायचा, मग बोलायचं. १,५०० भागिले ३० म्हणजे रोज ५० दिरहम. ४३ दिवसांचे २,१५०. त्यात सहा सुट्या, म्हणजे प्रत्यक्ष काम ३७ दिवस. कायद्याचे ८ तास सोडून रोज ३ तास जादा, एकूण १११ तास. तासाचा दर ५० भागिले ८ म्हणजे ६.२५, ओव्हरटाइमला किमान २५ टक्के वाढ धरून ७.८१. जादा तासांचे सुमारे ८६७. एकूण ३,०१७, त्यातून मिळालेले ४०० वजा. बाकी २,६१७ दिरहम, म्हणजे जवळपास ६३ हजार रुपये. खरं तर रोज दोन तासांपेक्षा जास्त ओव्हरटाइम घ्यायलाच कायद्याची मनाई आहे, पण घेतलेल्या तासाचे पैसे त्यामुळे बुडत नाहीत.

पुरावा काय? हजेरी मुस्टर कामगाराच्या हातात कधीच नसतं. शिवायच्या कपड्यांच्या बंडलवरची तिकिटं, व्हॉट्सॲपवर आलेले "उद्या ६ वाजता गाडी" असे निरोप, मशीनवर बसलेले तारखेसकट फोटो, आणि वहीत रोज लिहिलेली वेळ. वही सगळ्यात उपयोगी पडते, पण ती पहिल्या दिवसापासून हवी. भांडणानंतर एका बैठकीत लिहिलेली वही एकाच शाईची दिसते.

आता अडचण. परमिट असलेल्या कामगाराला मार्ग सरळ आहे: मंत्रालयाचा ८००८४ हा क्रमांक, तक्रार, आणि ५० हजार दिरहमच्या आतल्या वादावर २०२४ पासून मंत्रालय स्वतःच अंमलात आणता येईल असा निर्णय देऊ शकतं. न्यायालयात गेलं तरी १ लाख दिरहमपर्यंतच्या दाव्याला फी नाही. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. पण ही सगळी यंत्रणा परमिटच्या नोंदीवर उभी आहे. व्हिजिट व्हिसावर काम केलेल्या माणसाची नोंदच नसते, त्यामुळे नेहमीची पगार-तक्रार दारातच अडते. मालकाविरुद्ध बेकायदा काम करवून घेतल्याची खबर देता येते, पण ती देणारा स्वतःही विनापरमिट काम केल्याचं कबूल करतो, आणि त्याला दंड आणि हद्दपारी होऊ शकते. हद्दपारीचा शिक्का बसला की पुढे कागद कितीही चोख असले तरी त्या देशाचं दार बंद.

हे अन्यायाचं आहे, आणि ते तसंच म्हटलं पाहिजे. शर्ट शिवले गेले, विकले गेले, त्याचे पैसे मालकाला मिळाले. मालकाला मोठा दंड ठेवला आणि ज्याच्या साक्षीनं तो दंड होऊ शकतो त्यालाच घाबरवून ठेवलं, तर दंड कागदावर राहतो.

या परिस्थितीत वाटाघाट हाच व्यवहार्य रस्ता होता. कामगारानं धमकी दिली नाही. दूतावासाच्या केंद्रातून मुदीरला दुसरा फोन गेला, त्यात हिशोबाचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला गेला. एक लाखाच्या दंडाची कल्पना मालकाला असतेच, सांगावी लागत नाही. निघायच्या आदल्या दिवशी १,६०० दिरहम रोख मिळाले. त्यासोबत अरबी कागदावर सही मागितली गेली. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करायचीच झाली तर त्याचा फोटो आधी काढायचा आणि सहीशेजारी आपल्या लिपीत मिळालेली रक्कम आणि तारीख लिहायची. त्यानं मराठीत "१६०० दिरहम मिळाले" असं लिहिलं. उरलेले १,०१७ दिरहम परत आल्यावर इथून मिळवणं जवळजवळ अशक्य आहे. तिथे वकील, मुखत्यारपत्र, त्याचं साक्षांकन, या खर्चात ती रक्कम बुडून जाते. म्हणून ती एजंटाविरुद्धच्या तक्रारीत नुकसान म्हणून धरली.

सोलापुरातली बाजू

नवरा परतायची वाट न बघता बायको तक्रार देऊ शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. एमिग्रेशन कायद्याच्या कलम २७ प्रमाणे खटल्याला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पण त्याच कलमात अपवाद आहे: जाणारा किंवा गेलेला माणूस स्वतः, किंवा त्याचे आईवडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण यांनी त्याच्या वतीनं तक्रार केली तर ही परवानगी लागत नाही. ठाण्यात "दिल्लीची परवानगी आणा" असं सांगितलं गेलं तर हे कलम दाखवावं. कलम २६ नुसार या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत.

दुसरा अडथळा हद्दीचा. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे ग्रामीण पोलिसांकडे. पैसे दिले ते शहरात, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत. हे त्यांच्याकडे बोट दाखवतात, ते यांच्याकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. नोंदवली नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे पाठवायची, पोहोच जपून ठेवायची, आणि तरीही काही झालं नाही तर कलम १७५ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा.

तिसरा अडथळा एका वाक्याचा: "हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा." हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून तक्रारीची मांडणीच वेगळी करावी लागते. "पैसे घेतले आणि परत दिले नाहीत" अशी सुरुवात केली की ती उसनवारी दिसते. सुरुवात अशी हवी: अमुक तारखेला अमुक माणसानं अमुक देशात, अमुक पगारावर नोकरी देतो असं सांगितलं. त्याच्याकडे भरती एजंटाची नोंदणी नाही, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलच्या यादीत नाव नाही, त्याची प्रिंट सोबत. नोकरीचा सांगून पर्यटनाचा व्हिसा दिला. परतीचं तिकीट बनावट होतं. त्यानंतर रकमांचा तक्ता: तारीख, रक्कम, कशानं दिली, कुणाच्या खात्यात, कोण हजर होतं. कलमं: एमिग्रेशन कायदा १० आणि २४, भारतीय न्याय संहिता ३१८ पोटकलम ४. पहिल्या कायद्यात शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड अवघा दोन हजार रुपयांपर्यंत. १९८३ मध्ये लिहिलेला हा आकडा आज एजंटाला एका दिवसाच्या चहापाण्याइतका. म्हणून फसवणुकीचं कलम सोबत हवंच, त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

अण्णानं एक भीती घातली: "मंजुरीशिवाय गेला म्हणून तुझा नवराच आत जाईल." यात थोडं तथ्य आहे, कारण विनामंजुरी जाणाऱ्यावरही कायद्यात कलम आहे. म्हणूनच तक्रारीत "फिरायला गेला होता" असं लपवाछपवीचं वाक्य घालू नये. मंजुरी लागत नाही असं एजंटानं सांगितलं आणि आठवी शिकलेल्या माणसानं ते मानलं, हे खरं आहे आणि तसंच लिहावं.

फोनवरचे पुरावे जपण्याची पद्धत आहे. चॅट पुसायची नाही, व्हॉइस नोट फॉरवर्ड करून मूळ उडवायची नाही, फोन विकायचा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ साधनावरून तयार होतं. यूपीआयचा उतारा बँकेच्या शिक्क्यासह घ्यावा, स्क्रीनशॉट पुरत नाही.

वकिलाला पैसे नव्हते. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकोच्या नावानं अर्ज गेला. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. नवऱ्याच्या नावानं अर्ज केला असता तर आधी पात्रतेचे कागद जमवावे लागले असते. तिच्या नावानं केल्यामुळे तेवढे दिवस वाचले. सोबत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयाकडे तक्रारीची प्रत गेली. तिची पोहोच पोलीस तक्रारीला जोडल्यावर ठाण्यातली भाषा बदलली.

गुन्हा नोंदल्यावर अण्णा तडजोडीला आला: ७० हजार देतो, तक्रार मागे घ्या. इथे घाई करू नये. फसवणुकीच्या या कलमात तडजोड न्यायालयाच्या परवानगीनंच होते, ठाण्यात किंवा चौकात बसून नाही. रक्कम खात्यात जमा होण्याआधी "आमची तक्रार नाही" असा कागद देऊ नये, आणि चेक घेतला तर तो वटेपर्यंत थांबावं. ४० हजार खात्यात आले, ३० हजारांचा चेक पुढच्या तारखेचा मिळाला.

नोंदणीकृत मार्गानं गेला असता तर

नोंदणीकृत एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेऊ शकतो, पावतीसह. त्याहून वर एक रुपयाही नाही. ई-मायग्रेटवर कंपनी, पद, पगार आणि करार यांची नोंद झाली असती. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि त्यावरचा कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण मिळालं असतं. विमानात बसण्याआधी अमिरातीचा कामासाठीचा प्रवेश परवाना हातात असता, आणि मुदीरनं पगार अडवला तर ८००८४ वर फोन करताना घाबरायचं काही कारण नसतं. 'सब-एजंट' ही जागा कायद्यात नाही. गल्लीतला माणूस कितीही जवळचा असला तरी पैसे फक्त नोंदणीकृत एजंटाच्या संस्थेच्या खात्यात जातील, एवढं घरच्यांनी धरून ठेवावं. मुंबईला निघायच्या आधी परतीच्या तिकिटाचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर स्वतः टाकून पाहावा.

सध्या स्थिती अशी आहे. प्रकरण न्यायालयात आहे. ३० हजारांचा चेक वटला तरी अण्णाकडून आणखी ४० हजार येणं आहे. त्याशिवाय राहिलेला पगार २४ हजार आणि घरच्यांनी काढलेल्या तिकिटाचे पैसे. पुढच्या तारखेला कामगारानं पासपोर्टवरचे प्रवेशाचे आणि निघण्याचे शिक्के दाखवायचे आहेत, वही द्यायची आहे, आणि ज्यांच्यासमोर ७० हजार रोख दिले त्या दोन शेजाऱ्यांना सोबत आणायचं आहे. त्यातला एक जण स्वतः अण्णाकडे पासपोर्ट देऊन बसला आहे. त्यानं आधी लेखी अर्ज देऊन पासपोर्ट परत मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर अण्णाची सही घ्यावी. नाही दिला तर त्याचीही वेगळी तक्रार होईल, आणि ती पुढच्या तारखेच्या आत दाखल झाली तर वकिलाच्या कामाला येईल.